पैसे भरून उजव्या सीटवर: ‘पे टू फ्लाय’चे करार, हिशेब आणि धोके

वाऱ्याची_दिशा

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स, हातात येते तेव्हा लॉगबुकात दोनशेच्या आसपास तास असतात, तेही बहुतेक सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या विमानांवरचे. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ‘टाइपवर किमान ५०० तास’, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानावरचे तास, लिहिलेले असते. या दोन आकड्यांमधल्या दरीतच ‘पे टू फ्लाय’चा धंदा चालतो. एजंट सांगतो, अमुक देशातल्या अमुक कंपनीत ए३२० किंवा ७३७ च्या उजव्या, म्हणजे सह-वैमानिकाच्या, सीटवर ५०० तास देतो, एवढे लाख भरा. विमानात प्रवासी बसलेले असतात, तिकिटे विकलेली असतात आणि सह-वैमानिक पगार घेण्याऐवजी पैसे भरून बसलेला असतो.

बोलताना लोक चार वेगळ्या गोष्टींना हेच नाव देतात, म्हणून आधी फोड करतो. स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, मिळवणे ही एक. त्यात सिम्युलेटर, परीक्षा आणि लायसन्सवर नोंद मिळते, पण नोकरीचा शब्द कोणी दिलेला नसतो. एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम ही दुसरी. खर्च एक कोटीच्या पुढे जातो, पण निवड आधी होते आणि शेवटी सशर्त नोकरी असते. तिसरी म्हणजे बाँड: प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि ठरावीक वर्षांच्या आत सोडल्यास वसूल करते. ‘पे टू फ्लाय’ ही चौथी. इथे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणाचे तासच विकत घेतलेले असतात आणि तास संपले की सीट रिकामी करायची असते.

पहिल्या तिन्हींबद्दल तक्रारी असू शकतात. या धाग्यात चौथीबद्दल बोलू. ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट लिहा.

गोंदियाकर

चांगली फोड केलीत. तासांचा हिशेब मांडतो, कारण एजंट तो कधीच मांडत नाहीत.

५०० तास म्हणजे ब्लॉक तास, चाकांचे अडथळे (चॉक्स) काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. महिन्याला ७५ तास मिळाले तर जवळजवळ सात महिने लागतात. दीड तासाचा सरासरी सेक्टर (एक उड्डाण) धरला तर साधारण ३३० सेक्टर. त्यातले निम्मे तुम्ही पायलट फ्लाइंग म्हणून, म्हणजे प्रत्यक्ष विमान हाताळून, केलेत तर १६५ च्या आसपास लँडिंग. हे सगळे छान दिसते, पण पावसाळ्यात किंवा मंदीच्या मोसमात कंपनीने उड्डाणे कमी केली की महिन्याचे ७५ चे ४० होतात आणि सातचे बारा महिने. त्या पाच जादा महिन्यांचे घरभाडे, जेवण आणि व्हिसाची मुदतवाढ तुमच्या खिशातून जाते. म्हणून करारात नुसते ‘५०० तास’ नको. ‘इतक्या महिन्यांच्या आत इतके ब्लॉक तास, न दिल्यास उरलेल्या तासांचे पैसे परत’ असे शब्द हवेत.

दुसरी गोष्ट. हे ५०० तास सुरू होण्याआधी बरेच काही व्हावे लागते: ग्राउंड स्कूल, सिम्युलेटरची सत्रे, स्किल टेस्ट, मग बेस ट्रेनिंग. कमी तासांच्या वैमानिकाला खऱ्या रिकाम्या विमानावर सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेऱ्या, मारावेच लागते. युरोपच्या नियमात लेव्हल डी या सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरवरच सगळे उरकायचे असेल तर मल्टी-पायलट विमानावरचे ५०० तास किंवा १०० सेक्टर आधी लागतात. नुकत्याच सीपीएल झालेल्याकडे ते नसतातच, त्यामुळे त्याला साधारण सहा टेकऑफ-लँडिंग प्रत्यक्ष ए३२० वर करावी लागतात. विमान व्यापारी उड्डाणातून काढून हे करायचे असते, इंधन जळते, विमानतळाचे शुल्क लागते. जाहिरातीतल्या किमतीत बेस ट्रेनिंग आहे का, हा पहिला प्रश्न. बऱ्याचदा नसते आणि ते बिल नंतर हातात पडते.

लेखापाल_सांगली

पैशाची बाजू मी लिहितो.

समजा सीपीएलसाठी ७० लाखांचे कर्ज आहे, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षे. हप्ता ९४,४५० रुपयांच्या आसपास. आता ‘पे टू फ्लाय’साठी आणखी ४० लाख त्याच दराने घेतले तर हप्ता सुमारे ५४,००० ने वाढतो. एकूण १,४८,००० च्या वर महिन्याला, आणि त्या सात-बारा महिन्यांत पगार शून्य. शिक्षण कर्जात मोरेटोरियम, म्हणजे हप्त्यांना सवलतीचा काळ, असतो, पण त्या काळात व्याज चढत राहते. शिवाय ‘लाइन ट्रेनिंग’, म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण, हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नसल्याने शिक्षण कर्ज मिळणे अवघड, आणि मग घर तारण ठेवून कर्ज काढले जाते. इथे थांबून विचार करा. पुढे वैद्यकीय तपासणीत नापास झालात तरी तारण घरच आहे. ‘लॉस ऑफ लायसन्स’ विमा, म्हणजे तब्येतीमुळे लायसन्स गेल्यास भरपाई देणारा, घेतल्याशिवाय एवढ्या कर्जावर सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

४० लाखांना ५०० तास म्हणजे तासाला ८,००० रुपये. त्यात कंपनीचा वाचलेला सह-वैमानिकाचा पगारही धरा, मग कंपनीला यात एवढा रस का असतो ते कळेल.

पैसे परदेशी पाठवताना एलआरएसची (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती इथे आड येत नाही. पण ठरावीक रकमेच्या वर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. शिक्षण म्हणून पाठवले की इतर कारणासाठी यावर दर बदलतो, आणि फरक मोठा आहे. म्हणून बँकेत जाताना संस्थेचे प्रवेशपत्र आणि शुल्काचे पत्रक घेऊन जा. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती करता येते, पण तोवर ती अडकून पडते.

अनुजा_डब्लिन

युरोपात हा विषय बरीच वर्षे चर्चेत आहे. वैमानिकांच्या संघटनांचा महासंघ, युरोपियन कॉकपिट असोसिएशन, याविरुद्ध उघडपणे उभा आहे. २०१५ मध्ये गेंट विद्यापीठाने वैमानिकांच्या असुरक्षित नोकऱ्यांवर मोठा अभ्यास केला. एजन्सीमार्फतचे करार, स्वयंरोजगाराच्या नावाखाली ठेवलेले वैमानिक आणि ‘पे टू फ्लाय’, हे तिन्ही प्रकार त्यात एकाच साखळीत मांडले आहेत. ही साखळी समजून घ्यायला हवी. ज्याने पैसे भरले आहेत तो ‘आज मी थकलोय, उडणार नाही’ म्हणायला कचरतो, कारण त्या दिवसाचे तास बुडाले तर नुकसान त्याचेच. पगारी वैमानिक आजारी पडला तर त्याच्या हक्काची रजा असते. इथे रजा म्हणजे विकत घेतलेला माल परत देण्यासारखे.

सुरक्षेचा मुद्दा नेमका इथे आहे. पैसे भरणारे वैमानिक वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यात हुशार मुले आहेत, माहितीतली आहेत. पण सीटवर बसणारा कंपनीचा ग्राहक झाला की त्याला नापास करण्यात कंपनीचा तोटा होतो.

रनवे२६

अमेरिकेत तर यावरून लोकांचे जीव गेले. १२ फेब्रुवारी २००९, कोलगन एअर ३४०७, नेवार्कहून बफेलोला जाणारे क्यू४०० विमान. पन्नास जण गेले. कॅप्टन पूर्वी गल्फस्ट्रीमच्या पैसे भरून उडण्याच्या कार्यक्रमातून आला होता. याहून मोठा पुरावा काय हवा?

गोंदियाकर

रनवे२६, तपशील बरोबर आहे, निष्कर्ष मात्र सरळ नाही. कॅप्टन फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीम इंटरनॅशनलच्या प्रशिक्षण संस्थेतून आला होता हे खरे. त्या कार्यक्रमात पैसे भरून बीच १९०० च्या उजव्या सीटवर २५० तास मिळत. पण एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने, अपघाताचे संभाव्य कारण म्हणून ‘पे टू फ्लाय’ लिहिलेले नाही. स्टिक शेकर (वेग फार कमी झाल्याचा इशारा) सुरू झाल्यावर कॅप्टनने कंट्रोल कॉलम पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला, विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि त्यातून बाहेर आले नाही, हे मुख्य कारण. वेगावर लक्ष न ठेवणे आणि कॉकपिटमधली ढिलाई ही त्याला जोडून.

आणि तासांचे म्हणाल तर कॅप्टनचे एकूण ३,३७९ आणि सह-वैमानिकेचे २,२४४. दोघेही १,५०० च्या पुढे. तरीही त्या अपघातानंतर ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि २०१३ पासून पार्ट १२१ च्या, म्हणजे नियमित प्रवासी सेवेच्या, विमान कंपनीत सह-वैमानिकालाही १,५०० तास लागू लागले. लष्करातून येणाऱ्यांना ७५०, विमानचालनाची पदवी असलेल्यांना १,००० अशी सवलत आहे.

मला त्यातले जास्त महत्त्वाचे वाटते ते हे: त्या कॅप्टनने आधीच्या काही चेकराइड्समध्ये (उड्डाण परीक्षांमध्ये) नापास झाल्याचे कंपनीला पूर्ण सांगितले नव्हते, आणि कंपनीकडे ते शोधायची पुरेशी पद्धत नव्हती. तास मोजणे सोपे असते म्हणून सगळे तासच मोजतात. ते तास कसे मिळाले, कोणी तपासले आणि नापास करायची मोकळीक कोणाला होती, हे कोणी मोजत नाही. पैसे घेऊन दिलेल्या तासांवर माझा आक्षेप आहे तो याच कारणासाठी.

वाऱ्याची_दिशा

हा मुद्दा पटला. त्याला लागून एक जोडतो. नेहमीच्या एअरलाइनमध्ये नवा सह-वैमानिक लाइन ट्रेनिंग कसे करतो ते पाहा. सुरुवातीचे सेक्टर ट्रेनिंग कॅप्टनबरोबर आणि जंपसीटवर, म्हणजे कॉकपिटातल्या जादा सीटवर, तिसरा, सेफ्टी पायलट. कॅप्टनला काही झाले तर विमान सुखरूप उतरवू शकणारा माणूस कॉकपिटात असावा म्हणून तो. मग सेफ्टी पायलट सोडतात, पुढचे सेक्टर देखरेखीखाली होतात, शेवटी रिलीज चेक, म्हणजे अंतिम तपासणी. त्यानंतर तो साध्या लाइन कॅप्टनबरोबर उडतो आणि कंपनीत वर्षानुवर्षे राहतो. कंपनीत कोणत्याही वेळी काही नवखे असतात, पण बहुतेक उजव्या सीटांवर हजार-दोन हजार तासांचे लोक असतात.

‘पे टू फ्लाय’वर चालणाऱ्या कंपनीत ५०० तास झाले की तो माणूस जातो आणि दुसरा, त्या टाइपवर शून्य तासांचा, येतो. कॅप्टनला अनुभवी सह-वैमानिक कधी मिळतच नाही. दोनशे तासांच्या माणसाला कुठे अडचण येते हे ट्रेनर सांगतात: उतरताना ऊर्जेचे गणित, म्हणजे उंची आणि वेग दोन्ही जास्त घेऊन अप्रोचला येणे, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणे) उशिरा किंवा फार लवकर, क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) नाक सरळ करताना पंख खाली जाणे, आणि रेडिओवर ट्रॅफिक वाढले की विमानाकडचे लक्ष सुटणे. सातव्या महिन्यात या गोष्टी सुधारतात आणि आठव्यात तो माणूस निघून गेलेला असतो. कॅप्टन रोज शिकवतो, रोज लक्ष ठेवतो. पावसात, रात्री, डायव्हर्शनच्या वेळी हा भार फार जड होतो.

मुक्ता_नाशिक

सगळे मान्य. पण सीपीएल झालेली मुलगी घरी बसून आहे, दोन वर्षे झाली, अशा पालकांना काय सांगायचे? ५०० तास घेतले तर निदान अर्ज तरी करता येतील ना?

गोंदियाकर

मुक्ताताई, अर्ज करता येतील, पण तीन गोष्टी आधी तपासा.

एक, ते तास भारतात ग्राह्य धरले जातील का. त्या देशाच्या प्राधिकरणाने भारतीय लायसन्सला व्हॅलिडेशन (मान्यता) दिलेले असावे, टाइप रेटिंग डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, मान्य केलेल्या संस्थेत झालेले असावे, आणि उड्डाणांच्या नोंदी कंपनीच्या अधिकृत सहीने पडताळता याव्यात. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरच्या ई-लॉगबुकात नोंद टाकल्यावर ती प्रमाणित करणारे कोणीतरी लागते. कंपनी बंद पडली तर प्रमाणपत्र कोण देणार? म्हणून दर महिन्याला सही-शिक्क्याचे पान घ्या. शेवटी एकदम घेऊ असे म्हणू नका.

दोन, ताजेपणा. तास संपून घरी बसलात की नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट तुटते, पीपीसी, म्हणजे कौशल्य तपासणी, दर सहा महिन्यांनी लागते, सिम्युलेटरचा खर्च पुन्हा तुमचा. कुठल्या कंपनीत भरती चालू आहे हे पाहिल्याशिवाय ५०० तास घेतले तर सहा महिन्यांत त्यांची किंमत उतरते.

तीन, भारतीय कंपन्यांना कागदावरच्या तासांचा वाईट अनुभव आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक ए३२० आधी नाकाच्या चाकावर उतरले. त्या चौकशीतून संबंधित कॅप्टनची एटीपीएलची (कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्सची) गुणपत्रिकाच बनावट निघाली आणि मग देशभर लायसन्सची तपासणी झाली. त्याच वर्षी राजस्थानात न उडालेले तास लॉगबुकात भरल्याचे प्रकरण बाहेर आले. तेव्हापासून परदेशातून आलेले तास बारकाईने पाहिले जातात. खरे तास असले तरी पुरावा पक्का लागतो.

मुक्ता_नाशिक

आणि हे न करता पर्याय काय?

वाऱ्याची_दिशा

पर्याय संथ आहेत, पण खरे आहेत. सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन गोंदिया, बारामती, शिरपूर, नागपूर अशा ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणे. इथे तास कमांडचे, म्हणजे मुख्य वैमानिक म्हणून, मिळतात आणि पगारही. शिकवताना हात आणि डोके दोन्ही पक्के होतात, हे ए३२० च्या मुलाखतीत दिसते. दुसरा, टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची प्रवासी विमाने. गोव्याच्या मोपा विमानतळावरून २०२४ च्या मार्चपासून फ्लाय९१ ची एटीआर ७२ उडतात, इंडिगो आणि अलायन्स एअरकडेही एटीआर आहेत. एटीआरवरचा सह-वैमानिक दिवसाला चार-चार सेक्टर करतो, लहान धावपट्ट्या, हाताने उडवण्याचे प्रमाण जास्त. तिसरा, चार्टर कंपन्यांची पीसी-१२ किंवा कॅरव्हॅन ही छोटी विमाने. तिथे कमी तासांच्या माणसाला लगेच सीट मिळेलच असे नाही, पण भरती थेट होते, एजंट नसतो.

आणि नोकरी नसतानाही आयआर (उपकरणांवर उडण्याची पात्रता), वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरटीआर (रेडिओ परवाना) चालू ठेवणे. भरती अचानक उघडते, आणि कागद संपलेले असतील तर पहिल्या फेरीतच बाहेर.

कायदेकानून

करारावर काही ठोस मुद्दे.

परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ईमायग्रेट संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येतात. ‘पे टू फ्लाय’चे एजंट म्हणूनच ‘नोकरी’ हा शब्द टाळतात आणि ‘प्रशिक्षण’ म्हणतात. तुम्हाला व्हिसा कोणता मिळणार आहे ते विचारा. काम करण्याचा व्हिसा असेल आणि करार प्रशिक्षणाचा असेल, तर दोन्हींपैकी एक कागद खोटा बोलतो आहे. पर्यटक किंवा व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर प्रवासी विमान उडवायला बसवत असतील तर तिथूनच मागे फिरा.

पैसे कधीही एका हप्त्यात देऊ नका. टाइप रेटिंग पूर्ण, बेस ट्रेनिंग पूर्ण, पहिले १०० तास, असे टप्पे ठेवा, आणि शक्य असल्यास रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाच्या खात्यात, ठेवा. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आगाऊ रक्कम भरलेला माणूस विनातारण धनको (तारण नसलेला येणेकरी) होतो. बँका आणि विमानांचे मालक पुढे, तो रांगेत मागे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. मोठ्या कंपन्यांचे हे झाले, मग तीन-चार विमानांच्या परदेशी कंपनीचे काय धरायचे?

नापास झाल्यास काय, हे कलम बारकाईने वाचा. जादा सिम्युलेटर सत्राचा दर लिहिलेला हवा. ‘कंपनीच्या मते असमाधानकारक प्रगती’ एवढ्यावर पैसे जप्त होत असतील तर सही करू नका. आजारपणात तास पुढे ढकलले जातील असे लिहून घ्या. अनुजाताईंनी सांगितलेला थकव्याचा प्रश्न याच कलमाने थोडा सुटतो. वाद झाल्यास न्यायालय कुठले, हेही पाहा. एजंट पुण्याचा, कंपनी आग्नेय आशियातली आणि न्यायक्षेत्र तिसऱ्याच देशात, अशी रचना असेल तर पैसे परत मिळवणे जवळजवळ अशक्य.

बाँडबद्दल गैरसमज नको. तो वेगळा प्रकार आहे आणि वाजवी असेल तर न्यायालये तो मानतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा बाँड कायम ठेवला. वैमानिकांना त्याशिवाय नोटिशीचा काळ असतो: २०१७ च्या नियमानुसार सह-वैमानिकाला सहा महिने, कमांडरला एक वर्ष.

रनवे२६

टोकन रक्कम आधीच भरली असेल तर?

कायदेकानून

आज लिखित ईमेल करा, फोन नको. चार गोष्टी मागा: कंपनीचे एअर ऑपरेटर प्रमाणपत्र (विमानसेवा चालवण्याचा परवाना), एजंटला तिने दिलेले अधिकारपत्र, बेस ट्रेनिंगसह पूर्ण खर्चाचे पत्रक आणि करारनाम्याचा मसुदा. सात दिवसांची मुदत द्या. ए३२० त्या प्रमाणपत्राला जोडलेल्या तपशिलात आहे का ते पाहा. काही वेळा कंपनीकडे ते विमानच नसते. त्या देशाच्या प्राधिकरणाला ईमेल करून ऑपरेटरची खात्री करता येते, बहुतेक प्राधिकरणे उत्तर देतात. कागद आले नाहीत तर रक्कम परत मागणारी वकिली नोटीस पाठवा, आणि पैसे कोणाच्या नावावर, कोणत्या खात्यात गेले त्याचा बँकेचा उतारा जोडा. रोख दिले असतील तर निदान दिलेल्या तारखेचे मेसेज आजच पीडीएफ करून ठेवा. आणि पुढचा हप्ता ‘सीट जाईल’ म्हणून मागितला तर देऊ नका.

मुक्ता_नाशिक

ईमायग्रेटवर आत्ताच शोधले. ज्या एजंटचे नाव मला सांगितले गेले होते ते यादीत नाही. अधिकारपत्र मागणारा ईमेल पाठवते आणि सहायक प्रशिक्षक रेटिंगसाठी शिरपूर आणि बारामती दोन्हीकडे चौकशी करते. तिथल्या तुकड्या कधी सुरू होतात हे कोणाला माहीत असेल तर सांगा.

गोंदियाकर

वेबसाइटवरच्या तारखांवर विसंबू नका. मुख्य प्रशिक्षकांना थेट फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: सध्या किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत, विद्यार्थी किती आहेत, आणि गेल्या वर्षी रेटिंग पूर्ण झालेल्यांपैकी किती जणांना तिथेच शिकवायला ठेवले. पहिल्या दोन आकड्यांवरून रेटिंगला किती महिने लागतील ते कळते. पावसाळ्यात उड्डाणे अडतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सुरू करणे बरे.